नळाच्या मुंग्या

थोरल्याची एक खोड आईला मुळीच आवडत नसे. घरात काही बिघडलं की माणूस बोलवायचा नाही, आपलंच डोकं चालवायचं. गिझर लावला की बोर्डावरचा स्विच आपोआप खाली पडायचा, तर या पठ्ठ्याने तो स्विच टाळून गिझरची वायर थेट जोडून टाकली. पाणी गरम झालं आणि सगळे खूश झाले.

मग त्याची बायको, आईची सून, म्हणू लागली, न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. थोरला हसला. आईने स्वतः जाऊन नळ धरून पाहिला, तिला काहीच लागलं नाही. "फारच नाजूक गं बाई तू," असं तिने सुनेला ऐकवलंही.

आज सकाळी सून नळापाशीच कोसळली. डॉक्टर तिला तपासून, पडून राहायला सांगून गेले, मग वायरमनला बोलावलं. वायरमनने नळाला टेस्टर टेकवला आणि त्यातला दिवा पेटला.

"गिझरची कॉइल फुटलीय, करंट नळात उतरतोय," तो म्हणाला. "स्विच पडायचा तो त्यामुळेच, वीज तोडून माणसाला वाचवायला."

"मग मला कसा नाही लागला?" आईने विचारलं.

त्याने तिच्या पायांतल्या रबरी चपलांकडे पाहिलं. सून न्हाणीघरात अनवाणी जायची.

आईने थोरल्याकडे वळून पाहिलं.

"आई, मी चांगल्यासाठीच केलं होतं," थोरला पुटपुटला.

"ठाऊक आहे. तिने चारदा सांगितलं आणि आपण दोघांनी तिला खोटं पाडलं. माझी चूक मी तिच्यापुढे कबूल करीन. तू मात्र यापुढे या घरात दिव्याचं बटणसुद्धा बायकोला विचारून दाबायचं."