बंद ठेवलेला डोळ्यांचा नळ

मी डोळ्यांचा नळ बोलतोय. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दारालगतच्या भिंतीवर मला बसवलंय. तुमच्याशी गोड बोलायची माझी इच्छा नाही. माणसांवर माझा राग आहे. तो ऐकून घ्यायची तयारी असेल तरच थांबा.

आधी माझं काम सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना ते ठाऊक नसतं. माझी एक हिरवी परात आहे. तिच्यात वर तोंड केलेल्या दोन तोट्या, त्यांवर टोपणं. बाजूची पट्टी दाबली की टोपणं उडतात आणि पाण्याच्या दोन मऊ धारा वर येतात. डोळ्यात ॲसिड गेलं, कॉस्टिक सोडा गेला, की चेहरा त्या धारांवर धरायचा. वर्षानुवर्षं कुणाला माझी गरज पडू नये. पण पडलीच, तर पाणी त्याच क्षणी यायला हवं.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने धार टोचते का ते बघायला स्वतःचा गाल माझ्यावर धरला होता. माणसं अशीच असतात असं तेव्हा मला वाटलं. मूर्खच होतो मी.

कॉलेजात तपासणीची समिती यायची होती, तिच्या आदल्या दिवशी मला घाईघाईने आणलं. विनोद नावाच्या प्लंबरने बसवलं आणि विचारलं, "सर, पाणी सोडून दाखवू?"

विभागप्रमुख पाध्ये सर म्हणाले, "भिंतीला लागला ना? मग झालं."

समितीने माझ्याकडे बघून मान डोलावली. समिती गेली आणि दुसऱ्याच सकाळी सरांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला, काशीरामला, सांगितलं, "मागचा कॉक बंद करून टाक. पोरं उगाच दाबत बसतील आणि टाकी रिकामी होईल."

कॉक बंद झाला आणि माझी खुंटी झाली. पावसाळ्याचे चार महिने माझ्या गळ्यात ओल्या छत्र्या. एरवी डस्टर, ॲप्रन, कुणाची तरी पिशवी. एकदा तर एका महाभागाने बांगड्याच्या कालवणाचा डबा माझ्या परातीत रिकामा केला आणि वर नाक मुरडून म्हणतो, "इथे वास कसला येतोय?"

गॉगलांची गत माझ्याहून वेगळी नव्हती. नियमांचा तक्ता भिंतीवर, गॉगल कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. पोरंही काही कमी नव्हती. गॉगल मिळालाच, तर काचेवर वाफ धरते म्हणून कपाळावर चढवायची. परीक्षानळी तापवताना तिचं तोंड शेजारच्याकडे करायची. मी रोज बघायचो आणि मनात शिव्या द्यायचो.

दोन वर्षांनी नीरजा मॅडम आल्या. मालगुंडहून रोज एसटीने यायच्या. नेमणूक तासिकेवर, म्हणजे घेतील तेवढ्याच तासांपुरत्या त्या कॉलेजच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातली पिशवी काढून खाली ठेवली आणि पट्टी दाबली. कोरडाच होतो मी.

"काका, याला पाणी का नाही?"

"कॉक बंद हाय, बाय," काशीराम म्हणाला. "सरांनीच सांगितलान."

"उघडा."

काशीरामने दाराकडे एकदा बघितलं, मग वाकून कॉक फिरवला. पहिलं पाणी कसलं आलं म्हणून सांगू! गंज, माती आणि पालीची दोन अंडी. मॅडमनी पाणी स्वच्छ होईपर्यंत पट्टी सोडली नाही. मग दर सोमवारी पहिल्या प्रॅक्टिकलआधी त्या मला तीन मिनिटं वाहू द्यायच्या. कपाटाची किल्लीही त्यांनी मागून घेतली.

सरांना ते खुपलं. एका सोमवारी ओली फरशी बघून ते भर वर्गात म्हणाले, "उन्हाळ्यात इथे टँकर मागवावा लागतो, आणि आमच्या मॅडम भिंतीला आंघोळ घालतायत!"

पोरं खदाखदा हसली. मॅडम म्हणाल्या, "सर, साचलेलं पाणी कुणाच्या डोळ्यात जायला नको."

"तुम्ही तासिकेवर आहात ना? तास घ्या."

मॅडमनी तास घेतला, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पट्टी दाबली.

त्या फेब्रुवारीत व्हायचं ते झालं. पाध्ये सरांची बॅच होती. सर केबिनमध्ये फोनवर. खेडहून शिकायला आलेली तेजस्वी पहिल्या वर्षाला होती, वडील मुंबईत नोकरीला. तिचा गॉगल कपाळावर. शेजारी वेद नावाचा मुलगा परीक्षानळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी तापवत होता, नळीचं तोंड तिच्याकडे. नळी एकदम उसळली आणि ते उकळतं पाणी तेजस्वीच्या डाव्या डोळ्यात गेलं.

ती किंकाळी मी अजून विसरलो नाही.

आणि तुम्ही माणसांनी काय केलंत? दोघे जण मोबाईल काढून उभे राहिले. वेद ॲसिटिक ॲसिडची बाटली घेऊन धावला, का तर क्षारावर आम्ल टाकलं की क्षार मरतो! पुस्तकातलं अर्धवट ज्ञान त्या मुलीच्या डोळ्यात ओतायला निघाला होता. सर केबिनमधून ओरडत आले, "रिक्षा बोलवा! हॉस्पिटलला न्या लगेच!"

किंकाळी ऐकून शेजारच्या खोलीतून नीरजा मॅडम आल्या. त्यांनी वेदच्या हातातली बाटली हिसकावून घेतली आणि तेजस्वीला मानेला धरून माझ्यापाशी आणलं. काशीरामने पट्टी दाबली. तेजस्वी डोळा गच्च मिटून हातपाय झाडत होती. मॅडमनी दोन बोटांनी तिच्या पापण्या फाकवल्या.

"उघड! दुखू दे, उघडा ठेव!"

"आई गं! सोडा मला, मॅडम!"

"नाही सोडणार. बुबुळ फिरव. वर बघ. आता खाली."

पाच मिनिटं झाली. सर म्हणाले, "पुरे आता, रिक्षा दारात आलीये. हिला काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," मॅडम म्हणाल्या. "वीस मिनिटांच्या आत हिला इथून हलवायचं नाही."

"मी विभागप्रमुख आहे!"

"मग घड्याळ बघा, सर. पाच झाली, पंधरा राहिली."

त्या वेळी माझा राग कुठे गेला होता, मला ठाऊक नाही. टाकीतलं पाणी संपू नये, एवढंच वाटत होतं. वीस मिनिटं वाहिलो. मॅडम कमरेपर्यंत भिजल्या. पट्टी दाबून काशीरामच्या हाताला कळ लागली, पण त्याने हात बदलला नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथे धुतला नसता तर डोळा गेलाच होता. बुबुळावर एक पांढुरका डाग राहिला. डाव्या डोळ्याने तेजस्वीला थोडं धूसर दिसतं, पण दिसतं.

आता पुढचं ऐका. चार दिवसांनी सरांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. वर्तमानपत्रात आलं, कॉलेजच्या सुसज्ज यंत्रणेमुळे विद्यार्थिनीचा डोळा वाचला. चौकशीच्या कागदावर मात्र एकच ओळ होती: विद्यार्थिनीने गॉगल लावला नव्हता. मॅडमना तिच्याखाली सही करायला सांगितलं.

मॅडमनी सहीआधी आणखी दोन ओळी लिहिल्या. शिक्षक वर्गात नव्हते. डोळ्यांचा नळ दोन वर्षं बंद होता.

जूनमध्ये कळलं की तास कमी झालेत, आता मॅडमची गरज नाही. त्या निघाल्या तेव्हा कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. बरंच झालं. मला ते झेपलं नसतं. पुढच्या वर्षी काशीराम निवृत्त होऊन आपल्या गावी, पालीला, गेला. तो गेला आणि कॉक पुन्हा बंद.

तेजस्वी आता तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सोमवारी तिच्या बॅचचं प्रॅक्टिकल होतं. बर्नर पेटायच्या आधी ती उठली आणि तिने माझी पट्टी दाबली. दोनदा दाबली.

"सर, पाणी नाही."

पाध्ये सर म्हणाले, "दुरुस्ती चालू आहे. जागेवर जा."

"मग दुरुस्ती झाल्यावर करू प्रॅक्टिकल."

"तू मला शिकवणार? गुण माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

तेजस्वीने ॲप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता बाकीचे माना खाली घालून बर्नर पेटवतील. मी तुम्हाला चांगला ओळखून आहे. पण वेद उठला. त्याच्यामागून सानवी नावाची मुलगी, मग तिचं सगळं टेबल. पाच मिनिटांत प्रयोगशाळेत फक्त सर आणि मी उरलो.

सरांनी घड्याळ बघितलं, दार बघितलं. मग स्वतः भिंतीशी वाकले, गुडघा टेकला आणि कॉक फिरवला.

म्हणून तुम्ही सुधारलात असं मी म्हणणार नाही. तुमच्या कॉलेजात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखा कुणीतरी भिंतीवर असेलच. त्याला हार घालू नका, त्याच्यासोबत फोटो काढू नका. उठा आणि त्याची पट्टी दाबून बघा. पाणी आलं नाही, तर माझ्याशी बोलायला येऊ नका. आधी कॉक कुणी बंद केला ते शोधा.