पहिला नंबर आलेली पट्टी

मी रॅमची पट्टी बोलतेय. संगणकाच्या पोटात बसून हातातलं काम तेवढ्यापुरतं लक्षात ठेवते ना, तीच. लांबीला वीतभरही नाही, पण अंगावर लालभडक पत्रा. आणि तोरा? तो तर विचारूच नका!

कारखान्यातून निघाले ती थेट एका परीक्षकाच्या टेबलावर आले. निरनिराळ्या कंपन्यांच्या पट्ट्या पळवून बघायच्या आणि कोणती सरस ते लोकांना व्हिडिओतून सांगायचं, हा त्याचा धंदा. माझ्याशेजारी दुसऱ्या कंपनीची एक काळी पट्टी होती. साधी, मुकाट. मला तिची कीवच आली.

पण शर्यत लागली आणि बाईसाहेब मला गाठायला लागल्या! परीक्षक इरेला पेटला. मला पुढे काढायला त्यानं माझा वीजदाब वाढवला, मग आणखी वाढवला. अंग नुसतं भाजून निघालं. जिंकले मी, पण आतला एक कप्पा जळाला. त्यात ठेवलेलं आता भलतंच होऊन बाहेर येतं.

वेग चुटकीसरशी मोजता येतो. चुका शोधणारी चाचणी मात्र तासन् तास चालते. "कोण बघतंय ते? लोकांना आकडा हवा असतो," असं म्हणत तो ती नेहमीच टाळायचा. मला पहिला नंबर मिळाला. काळी परत गेली. आणि मला त्यानं मोठ्या कौतुकानं आपल्या ताईच्या संगणकात बसवलं.

ताई वडिलांच्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवून घेत होती. वडील गेलेले, आवाज तेवढा उरलेला. फिती इतक्या जीर्ण की एकदा वाजल्या की तुटायच्या. म्हणजे जे काही वाचायचं ते एकदाच, आणि तेही माझ्यातून जाऊन! जीव तुटत होता माझा, पण सांगणार कशी?

आज त्यांची परगावाहून पाठवलेली कॅसेट उतरवली. फीत तुटलीच. त्यात ते आईला एका लाडक्या नावानं हाक मारतात. ते नाव दुसऱ्या कुणी कधी घेतलं नाही. ताईनं आईला स्पीकरपाशी बसवलं आणि आवाज लावला. नेमकं नावाच्या जागी नुसतं कर्रर्र झालं.

"हे काय रे झालं?" ताईनं भावाला विचारलं.

"फीतच खराब असणार. रॅमवर शंका नको, मी स्वतः तपासलीय."

साफ खोटं आहे हो! उद्यासाठी अजून कॅसेट काढून ठेवल्यात. कुणीतरी उपटा मला इथून. कचऱ्यात फेका, त्या काळीला बोलवा, माझा नंबर चुलीत घाला.

पण माझं ऐकतंय कोण? आई अजून स्पीकरला कान लावून बसलीय.

"अहो, नीट ऐकू नाही आलं," ती हळूच म्हणते. "पुन्हा म्हणा ना."