लुगडं पांघरलेली वेल

या, जरा पुढं सरका. दाराशी बसलेल्यांनी सतरंजीवर यावं, तिथं वारं लागतंय. कीर्तनकार बुवांची गाडी लातूर सोडून आत्ता कुठं निघालीय. तोवर आपल्या मुरुडातल्या एका वेलीची गोष्ट सांगतो. गोड नाही, पण थंडीच्या दिवसांत ऐकून ठेवावी अशी आहे.

नागप्पाच्या अंगणात शेवग्यावर चढलेली नागवेल होती. आपल्या शिवनाम सप्ताहात कीर्तनकाराच्या हातावर विडा ठेवतात, त्याची पानं तीस वर्षं तिथूनच यायची. वेल आणली होती नागप्पाच्या बायकोनं, उमाबाईनं, किल्लारीहून, माहेराहून. भूकंप झाला तेव्हा तिच्या लग्नाला आठ महिने झाले होते. बातमी कळताच ती ट्रकमध्ये बसून गेली. घराच्या जागी दगडमातीचा ढीग. तिची माय कस्तुराबाई कुठल्या चितेवर, कुणाकुणाबरोबर गेली, हे सांगायलाही कुणी उरलं नव्हतं. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. तिथं तेवढी सवड नव्हती. न्हाणीमागं मायनं लावलेली वेल मात्र हिरवीगार होती. उमाबाईनं तिचं वीतभर कांडं तोडलं, ओल्या पदरात गुंडाळलं आणि मुरुडला आणून लावलं.

नागवेल उबेच्या मुलखातली. सावली-पाणी असलं तर आपला उन्हाळा काढते, पण पौषातली थंडी तिला सोसत नाही. पान आधी तेलकट दिसतं, मग काळं पडतं, मग गळतं. म्हणून दर हिवाळ्यात उमाबाई बुंध्याशी उसाचं पाचट घालायची, संध्याकाळी विहिरीचं कोमट पाणी द्यायची आणि वेलीला जुनं लुगडं गुंडाळायची. थंडी फारच वाढली की नागप्पा पहाटे गोवऱ्यांची धुनी करायचा. तरुणपणी तो एका पानमळ्यावर कामाला होता. वेलीवर धूर पसरला की गारठा खाली उतरत नाही, हे तो तिथं शिकला. वेलीपाशी जाताना चप्पल काढायची, हेही तिथलंच.

सून वर्षाराणी हसून म्हणायची, "आत्याला आमच्या अंगावर गोधडी हाय का न्हाई त्याची फिकर न्हाई, वेलीला मातर दोन दोन लुगडी."

उमाबाई म्हणायची, "तू बोंबलून मागतीस. तिला तोंड हाय का?"

एकदाच तिनं खरं काय ते सांगितलं. म्हणाली, "माय गेली तवा तिच्या अंगावर चिंधी भी टाकता आली न्हाई. हिच्यावर तरी टाकते."

गेल्या पौषात थंडी फार पडली. उमाबाईला दम्यानं अंथरुणाला खिळवलं होतं. तिला उठवत नाही म्हटल्यावर मुलगा महांतेश यानं लुगड्याऐवजी प्लास्टिकचा कागद आणला आणि वेलीला घट्ट आवळला. वारं लागू नये, एवढाच त्याचा हेतू. पण सकाळी कागद काढला तर जिथं जिथं तो पानाला टेकला होता, तिथं पान भाजल्यासारखं काळं. दोन दिवसांत शेंडे माना टाकून बसले. पोरगा आईपुढं यायला धजेना. उमाबाई त्याला एका शब्दानं बोलली नाही. तिनं नागप्पाला बोलावून सांगितलं, की जेवढी वेल जिती आहे तेवढीची कांडी करा, डब्यांत लावा आणि माझ्या खोलीत आणून ठेवा. ही मेली तर माय दुसऱ्यांदा गेली म्हणा.

नागप्पानं तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून सात कांडी लावली आणि तिच्या खाटेभोवती मांडली. खोली लहान, एकच खिडकी. चप्पल तो खोलीच्या उंबऱ्याबाहेर काढू लागला.

सप्ताहाचा चौथा दिवस. पहाटे चारला नागप्पा शिवपाठाला निघाला. पहाटेच गारठा जास्त, म्हणून त्यानं शेगडीत गोवऱ्या आणि कोळसे पेटवून ती डब्यांच्या मधोमध ठेवली. उघड्यावर जे तीस वर्षं केलं, तेच त्यानं चार भिंतींत केलं. उमाबाई जागी होती. खिडकीतून वारं येतंय म्हणाली, तेव्हा त्यानं वेलीचंच लुगडं खिडकीत कोंबलं. दाराखालच्या फटीत पोतं सारलं. जाताना तिनं सांगितलं, "बुवांला इडा ह्याच पानाचा द्यायचा बरं का."

त्या पहाटे नागप्पा माझ्या शेजारी टाळ घेऊन उभा होता. मनापासून गात होता. ते माझ्या कानातून जात नाही.

सहाला तो घरी आला. सवयीनं आधी चप्पल काढली, मग दार ढकललं. धूर फारसा नव्हता. शेगडीत राखेखाली निखारा होता. उमाबाई कुशीवर निजलेली, एक हात डब्यावर, अंग गार पडलेलं. डब्यांतली सातही कांडी टवटवीत होती.

तिला मातीत बसवलं, आपल्या रीतीनं, अंगावर विभूती लावून, बेल वाहून. तिच्या मायला जे मिळालं नाही ते तिला मिळालं, एवढंच म्हणायचं. घरी आल्यावर नागप्पानं एकेक करून डबे उचलले आणि उघड्या अंगणात नेऊन ठेवले. वर काही घातलं नाही. महांतेश रडला, हाता-पाया पडला. त्यानं ऐकलं नाही. तिसऱ्या सकाळी पानं काळी पडली होती. मोजले तर डबे सहाच भरले.

सातवा वर्षाराणीनं चुलीमागं लपवला होता. फाल्गुनात त्या कांडीला कोंब फुटला तेव्हा तिनं भीत भीत सांगितलं.

"मामा, एक मी ठिवलाय."

नागप्पा उठून दाराकडं गेला. मग म्हणाला, "जगू दे. पर माझ्या म्होरं आणू नको."

वर्षाराणीनं तो डबा परसात ठेवलाय, तिकडं तो अजून फिरकत नाही. टाळही धरत नाही. मी बोलवायला गेलो की पाणी देतो, खाली बघतो.

आज बुवांच्या हातावर जो विडा ठेवू, त्यातलं पान त्या सातव्या डब्यातलं आहे. वर्षाराणीनं मघाशी आणून दिलं. घरी जाऊन शेगडी पेटवाल तर खिडकी हातभर उघडी ठेवा, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वायू न दिसता जीव घेतो. आणि विडा देताना हात जोडाल, तेव्हा मनात उमाबाईची आठवण करा.