पासपोर्टच्या चौकशीला मी दोनदा गेले

मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि त्यातून पोलिसाची. त्यामुळे मित्रांनो, माझा आवाज ओळखणारे फार आणि माझ्यावर माया करणारे थोडे. मी गल्लीत शिरले की पारावरचे पत्ते सतरंजीखाली जातात. ज्यानं जन्मात मुंगी मारली नाही, तोही टोपी सारखी करून उभा राहतो. आधी आधी मला याचा फार राग यायचा. अहो, मी काय वाघ आहे का?

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी काळीभोर होते आणि टाकीवर लाल पट्टा होता. लोणी भापकरच्या आबासाहेब साबळ्यांनी मला घरी आणलं, हँडलला झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवले. सात वर्षं मी दूध वाहिलं. आबासाहेब रोज संध्याकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "ही न्हाय तर दूध न्हाय, आन् दूध न्हाय तर समाधानची शाळा न्हाय." असं कौतुक कानावर पडलं की मी पहाटे एका किकमध्ये सुरू व्हायचे. खोटं कशाला सांगू, कौतुक मला फार आवडतं.

समाधान म्हणजे त्यांचा मुलगा. तो शिकला, पोलिसात भरती झाला, आणि मी त्याच्याबरोबर इंदापूर तालुक्यात आले. माणूस सोन्यासारखा, पण माझ्या बाबतीत अगदी आळशी! चेन कोरडी, सीट फाटलेली, आरसा एकच. ऑइल बदलायचं म्हटलं की "पुढच्या आठवड्यात बघू." त्याचा पुढचा आठवडा कधी उगवला नाही.

तरीसुद्धा सांगते, त्याच्या कामापुढे मी मनातल्या मनात हात जोडते. ठाण्यात त्याच्याकडे पासपोर्टच्या चौकशीचं काम आहे. अर्जदार बारामतीला जाऊन फोटो आणि बोटांचे ठसे देऊन येतो. मग त्याची फाइल समाधानच्या टॅबवर येते. हा माणूस दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का, शेजारीपाजारी त्याला ओळखतात का, हे बघायचं असतं. कुणी अर्जदारालाच ठाण्यात बोलावून घेतं. समाधान मात्र दारापर्यंत जातो. त्याची एक खोड आहे. दारात उभं राहून तो अहवाल कधीच भरत नाही. परत निघायचं, वाटेत कुठेतरी मला थांबवायचं, चहा प्यायचा आणि मग माझ्या सीटवर बसून शांतपणे भरायचा. मला वाटायचं, चहासाठी निमित्त!

आता मनिषाची गोष्ट सांगते. मनिषा रतन देवकाते, लासुर्ण्याची. बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळ्या करून जर्मन भाषा शिकली, परीक्षा पास झाली, आणि तिकडच्या एका रुग्णालयानं तिला नोकरीचं पत्र पाठवलं. अट एकच होती. एक तारखेच्या आत पासपोर्टचा नंबर कळवायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. तिनं समाधानला फोन केला होता. "सर, गुरुवारी माझी दोनपर्यंत ड्यूटी आहे. आईबापू उसाच्या तोडीवर असतील. पण घरी आजी आहे, ती सगळं सांगेल." समाधानकडेही तो एकच गुरुवार होता, कारण शुक्रवारपासून तो आठ दिवस बंदोबस्ताला जाणार होता.

गुरुवारी अकराच्या सुमारास आम्ही तिच्या दारात उभे राहिलो. पक्कं घर, दारापर्यंत ऊस, अंगणात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. हीच भामाबाई. खाकी दिसताच तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आजी, मनिषा रतन देवकाते हितंच ऱ्हाती का?" समाधाननं विचारलं.

"न्हाय बा. हितं कुनी न्हाय त्या नावाचं."

"नात हाय ना तुमची?"

"ती माणसं पुढं गेली. मेंढरं घिऊन फलटणकडं गेली. लई दिस झालं."

बांधापलीकडचा धोंडीबा कान टवकारून ऐकतच होता. तो धावत आला आणि मान हलवू लागला. "व्हय व्हय, गेली ती. आमी सोता बघितली जाताना." शेजारच्या छबूबाईनं तर पदर तोंडाला लावून डोळेच मिटले. ताकास तूर लागू देतील तर शपथ!

मित्रांनो, मी सगळं बघत होते. त्यांच्या मागे वलणीवर नर्सचा पांढरा एप्रन वाळत होता. पण मोटारसायकलचं कोण ऐकतं?

समाधान संतापला. वाटभर त्यानं माझे गिअर असे मारले की माझी हाडं खिळखिळी झाली. "खोटा पत्ता दिला पोरीनं. फोनवर कसं गोड बोलत होती!" जंक्शन नावाच्या गावात त्यानं मला टपरीसमोर उभं केलं, चहा सांगितला आणि टॅब उघडला. 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' एवढं लिहिलं की काम संपलं. मनिषाची जर्मनी तिथंच, चहाच्या टपरीवर संपली असती.

बोट टॅबवर होतं, चहा ओठाला लागला होता, आणि समाधान थांबला. "मेंढरं?" तो मोठ्यानं म्हणाला. "त्या दारात कोंबडीसुदिक नव्हती. मेंढरं कुठली आली?"

टपरीवाला हसायला लागला. "साहेब, देवकात्यांच्यात गेलतासा का? त्यांची मेंढरं जाऊन तीस वर्सं झाली की! आता समदा ऊसच."

समाधाननं चहा तसाच ठेवला आणि मला माघारी वळवलं. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. पाच फाइली अजून बाकी होत्या, डोक्यावर ऊन होतं, आणि खोटं त्यानं बोललेलं नव्हतं. हा माणूस सरळ पुढं गेला असता तर त्याला कुणी जाब विचारला नसता.

या वेळी त्यानं मला लांब लावलं. टोपी काढून हँडलला अडकवली, ओट्याखाली जमिनीवर बसला आणि पाणी मागितलं. भामाबाईनं तांब्या दिला आणि पुन्हा शेंगा मांडीवर घेऊन बसली.

"आजी, पोरीनं कायबी केल्यालं न्हाय," समाधान म्हणाला. "ती परदेशात नोकरीला निघालीय. सरकार एवढंच विचारतंय, ही पोरगी कुठली, कुणाची. तुमी न्हाय म्हणालासा तर मला तसंच लिवावं लागंल. ह्या गावची न्हाय, ह्या घरची न्हाय, कुणाचीच न्हाय. लिवू?"

म्हातारी ताडकन उठली. मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या.

"कुनाचीच न्हाय? कुनाचीच न्हाय म्हंतोस? आरं, सातव्या म्हयन्यात जल्मली ती! कापसात गुंडाळून ह्या उरावर धरली मी. चाळीस दिस भुईला पाठ लावली न्हाय. डाक्टरनं आशा सोडली हुती, मी न्हाय सोडली. माझी हाय ती! लिव! मोठ्या अक्षरात लिव!"

आणि मग ती रडायलाच लागली. धोंडीबा खाली बघू लागला. मलाही भरून आलं.

थोड्या वेळानं तिनंच सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा घर असं नव्हतंच. मेंढरांमागं आठ महिने मुलूखभर फिरायचं, जिथं रात्र तिथं तळ. सासूनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, खाकी आली तर कुणाचं नाव सांगायचं नाही, 'पुढं गेली' म्हणायचं. "येकदा मी सांगितलं नाव. मेंढरं फारिष्टात, सरकारी रानात, शिरली हुती. माझ्या मालकाला, म्हस्कूला, घिऊन गेलं. तिसऱ्या दिशी आला तवा महिनाभर कुनासंगं बोलला न्हाय. तवापासनं खाकी दिसली की जीभ आपसूकच तसं बोलती बघ." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या म्हातारीचं तर सगळं तरुणपण पोळलं होतं. समाधाननं तिला एकदाही अडवलं नाही. फॉर्ममध्ये या हकिकतीला जागा नव्हती, तरी सगळी ऐकली.

अडीच वाजता मनिषा आली. झालेला प्रकार कळला तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "आज्जे, अगं काय केलंस हे!" म्हणाली आणि आजीच्याच गळ्यात पडली. कागद तपासले, फोटो काढला. साक्षीला दोन शेजारी लागतात. धोंडीबा आणि छबूबाई आधार कार्डं घेऊन इतक्या तातडीनं हजर झाले की विचारू नका.

"सकाळी तर फलटणला गेली म्हनत हुता," समाधान म्हणाला.

"आली की माघारी," धोंडीबा म्हणाला आणि सही ठोकली.

साडेचारला निघालो. मोठे साहेब सहाला बाहेर पडणार होते, त्याआधी अहवाल त्यांच्यासमोर जायला हवा होता. आणि मित्रांनो, सांगायलाही लाज वाटते, मी सुरूच होईना. समाधाननं वीस किक मारल्या. कोरड्या चेनचा, जुन्या ऑइलचा, सगळ्या 'पुढच्या आठवड्यांचा' हिशेब मी नेमका त्याच दिवशी मागितला. माझ्यामुळे पोरीचं नुकसान होतंय, या विचारानं माझं इंजिन गार पडलं.

मग धोंडीबानं मागून हात लावला, मनिषानं लावला, आणि पदर खोचून भामाबाईही आली.

"आजी, तुमी ऱ्हाऊ द्या."

"का? उभा जलम खाकीला दारातनं घालवण्यात गेला माझा. आज ढकलून घालवते!"

सगळे हसले आणि सगळ्यांनी जोर लावला. इतक्या माणसांचे हात एकदम अंगाला लागले. जन्मात मला कुणी असं धरलं नव्हतं. उसाच्या बांधापर्यंत गेले आणि धडधडत सुरू झाले. पावणेसहाला आम्ही ठाण्यात होतो. साहेबांच्या टेबलावरून अहवाल त्याच संध्याकाळी पुढं गेला. तीस तारखेला पोस्टमननं मनिषाच्या हातात पासपोर्ट दिला.

दोन महिन्यांनी आम्ही सणसरकडे निघालो होतो. कालव्याच्या पुलावर भामाबाई एकटीच बसली होती. समाधाननं मला थांबवलं.

"गेली का मनिषा?"

"परवा गेली." म्हातारी पाण्याकडं बघत होती. "तू त्या दिशी माघारी आला नसतास, तर आज घरात असती."

समाधाननं माझं इंजिन बंद केलं. खरंच होतं ते.

म्हातारी उठली, आमच्याजवळ आली. माझ्या टाकीवर तिनं हात ठेवला आणि मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा हळूहळू फिरवला. "बरं केलंस," ती म्हणाली. "आसंच माघारी येत जा, लेकरा."

त्या रविवारी समाधाननं माझी चेन धुतली, ऑइल बदललं, सीट शिवून आणली. मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरच्या जुन्या गाडीला वेळेवर तेलपाणी करा, तिच्यावर कधी कुणाचं नशीब बसून जाईल सांगता येत नाही. आणि दारात कुणी तुमच्या माणसाचं नाव विचारत आलं, तर घाबरू नका. आमचं आहे म्हणून सांगा. ते माणूस दूर जाणार असेल, तरी सांगा.