साक्षीतलं वाक्य

बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी, चार घड्या घातलेली, एका कडेला वहीतून टरकावल्याच्या दातऱ्या — आणि उलगडली तेव्हा सेलिनाला आधी अक्षरं दिसलीच नाहीत, दिसले ते अनुस्वार. तीनच होते, पण टिंबं नव्हेत, पोकळ गोल. हिरव्या शाईचे बुडबुडे. असे अनुस्वार अख्ख्या अंबरनाथात एकच मुलगी काढते, आपली चिमी, चौथीपासून काढते, शाळेतल्या बाई ओरडून थकल्या, आपण स्वतः पट्टी घेऊन शेजारी बसलो, तरी नाही ते नाहीच... मग अक्षरं आली. ‘देवा, मी जे कधी म्हटलंच नाही ते रविवारी मला सगळ्यांसमोर म्हणायला लागू नये. आणि पप्पांना नीट राहू दे.’

तिनं चिठ्ठी मिटली. पुन्हा उघडली. तेच होतं.

खालच्या मजल्यावर जीन्स शिवायच्या मशिनी चालू होत्या आणि त्यांची थरथर लादीतून गुडघ्यांपर्यंत येत होती. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या ह्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना-समुदायाच्या सहा बायका दर शनिवारी सकाळी उपाशीपोटी बसत. बुधवारच्या प्रार्थनासभेला लोक येत, दाराशी ठेवलेल्या टोपलीत आपली विनंती नाव न घालता टाकून जात, आणि ह्या सहाजणी — मध्यस्थी करणाऱ्या — त्या चिठ्ठ्या वाटून घेऊन एकेकीवर प्रार्थना करत. कुणाची नोकरी, कुणाचं मूलबाळ, कुणाच्या नवऱ्याचा हात. सगळ्यांत वडील गोदूबाई, दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. त्यांचा नियम एकच, अक्षर ओळखायचं नाही, ओळखलंच तर विसरायचं. “चिठ्ठी देवाची,” त्या म्हणत, “आपण नुसते पोस्टमन.” पाकीट फोडल्याशिवाय ज्याचं काम होत नाही असा पोस्टमन कुठे असतो, हे गोदूबाईंना विचारायची कुणाची छाती नव्हती.

सात वर्षांत सेलिना बऱ्याच चिठ्ठ्या विसरली होती. विसरायची तिला सवय होती, इतकी की कधीकधी आपल्याला हे वरदानच मिळालंय असं तिला वाटे. पण ही कुणाला लिहिली चिमीनं? देवाला? की मध्यस्थीला आई बसते हे ठाऊक असून, सहांतल्या एकीच्या हाती पडेल, पडली तर पडली, म्हणून... पोरगी एकोणीस वर्षांची, एका छपराखाली राहते, सकाळी “मम्मी, माझा टॉवेल कुठंय” म्हणून ओरडते — आणि एवढी एक गोष्ट सांगायला तिला बुधवारची टोपली लागली.

प्रार्थना झाल्यावर चिठ्ठ्या मातीच्या धुपाटण्यात टाकून जाळायच्या, असा प्रघात. एकेकीनं आपली मूठ रिकामी केली. सेलिनानं चार टाकल्या आणि पाचवी... हात आपोआप जपमाळेच्या पिशवीत गेला, जांभळ्या मखमलीच्या, आणि चेन लागली.

“झालं, सिस्टर?” गोदूबाईंनी विचारलं.

“झालं,” सेलिना म्हणाली. किती सोपं होतं. तिचं ‘हो’ आणि ‘झालं’ नेहमीच सोपं असे.

उद्या बदलापूरच्या एका शाळेच्या सभागृहात कुटुंबांची रिट्रीट होती, प्रार्थनेचं शिबिर. दीडदोनशे घरं येतील, अंबरनाथची, उल्हासनगरची, थेट कर्जतपर्यंतची. नवरा-बायको शेजारी बसतील, कित्येक घरांत वर्षातून तेवढाच दिवस. आणि जेवणाआधी साळवे नवरा-बायकोची साक्ष होईल — ब्रदर कमळाकर, सिस्टर सेलिना. ह्या साक्षीला लोक रुमाल घेऊनच बसत. आठ वर्षांपूर्वीचा दारुडा फिटर, वाऱ्यावर चाललेलं घर, आणि ती रविवारची दुपार, जेव्हा अकरा वर्षांची मुलगी बापासमोर उभी राहून म्हणाली, “पप्पा, येशू बघतोय.” इथे सेलिना नेहमी थांबे. किती थांबायचं हेही आता तिला नेमकं माहीत झालं होतं. मग मागून कुणीतरी “आलेलुया” म्हणे, कमळाकर मान खाली घाली, आणि पुढच्या रांगेतल्या बायका रडायला लागत. या वर्षी मंडळींनी नवीन काढलं होतं: मुलगी मोठी झाली, तिनंच माइकवर येऊन ते वाक्य म्हणावं. चिमी “बघू” म्हणाली होती. मुलांच्या ‘बघू’चा अर्थ आईला कळत नाही असं नाही, कळून घ्यायचा नसतो, इतकंच.

कारण चिमी ते म्हणालीच नव्हती.

शेअर रिक्षाच्या स्टँडकडे जाताना तिला आठवलं, उद्यासाठी चिमीला पांढरी ओढणी घ्यायचीय, कमळाकरनं दोनदा सांगितलं होतं. ती ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे शिरली. “बोलो दीदी, फंक्शन है क्या?” म्हणत त्यानं पाचसहा ओढण्या अंगावर फेकल्यासारख्या पसरल्या. “साधी हवी,” ती म्हणाली, “चर्चला.” “चर्च का है तो ये लो, एकदम साधी, फोटोत पण चांगली येते.” तिनं बोटांनी कापड चाचपलं आणि नजर शेजारच्या दुकानाकडे गेली, तिथे काळे शाळेचे बूट नाडीला नाडी बांधून टांगले होते, लहान मापाचे...

बूट घातले होते तिनं. मोजेसुद्धा. रविवार होता, चर्चमधली मिस्सा होऊन गेली होती, शाळेचा प्रश्नच नव्हता. कमळाकरनं पातेलं भिंतीवर फेकलं होतं, गरम भात लादीभर, आणि तो पलंगाच्या कडेला बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी बरळत होता, कुणाला तरी शिव्या, बहुतेक मला. आणि चिमी आतल्या खोलीतून आली ती बूट घालून, पाठीला दप्तर. दप्तरातून युनिफॉर्मची बाही बाहेर आली होती. म्हणजे सगळं भरलं होतं तिनं — अकरा वर्षांच्या पोरीला जेवढं ‘सगळं’ सुचतं तेवढं. ती दारात उभी राहिली. बापाकडे तिनं बघितलंदेखील नाही. म्हणाली —

“दीदी, पॅक करू?” दुकानदार विचारत होता.

“करा,” सेलिना म्हणाली.

रिक्षात ती कडेला बसली. आपण खोटं बोललो, असं तिनं स्वतःशी सात वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, आणि आताही तो शब्द तिला लागू पडेना. खोटं ठरवून बोलतात. ती पहिल्यांदा साक्ष द्यायला उभी राहिली, हातात माइक, आणि सांगता सांगता ती त्या दुपारपर्यंत आली — भात, पातेलं, दारात मुलगी — आणि पुढे जाता येईना. सगळे वाट बघत होते. “आणि तेव्हा माझी पोरगी म्हणाली...” इतकं तोंडातून गेलंच होतं, आणि मग ते वाक्य आलं, अगदी तयार, घडी घातलेलं, कुणीतरी हातात ठेवावं तसं. पवित्र आत्म्यानं दिलं असेल, असंही तिला त्या वेळी वाटलं. शेजारी कमळाकर हुंदके देऊन रडला. इथपर्यंत ठीक होतं. पण घरी आल्यावर त्यानं तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतं, “चिमी खरंच तसं म्हणाली? मला काहीच आठवत नाही गं.” आणि ती म्हणाली, “हो.” तो ‘हो’ कुठल्याही आत्म्यानं दिलेला नव्हता. तो तिचा होता.

त्या ‘हो’वर माणूस उभा होता. आनंदनगरच्या कंपनीत त्याच्या लॉकरच्या दाराला आतून त्यानं मार्करनं लिहून ठेवलं होतं, ‘येशू बघतोय’. बरोबरचे चेष्टा करत, “साळवे, तुमचा सीसीटीव्ही चालू आहे ना?” म्हणत, आणि तो हसून दारावर टिचकी मारी. पगाराच्या दिवशी ते सगळे बसायला जात तेव्हा हा लॉकर उघडून अक्षरांवर तळहात ठेवायचा आणि सरळ घरी यायचा. हे त्यानं तिला स्वतः सांगितलं होतं. बिचारा काही लपवत नाही... दारू तर त्यानं पहिल्या रिट्रीटमध्येच सोडली होती, साक्षीच्या कितीतरी आधी, ते वाक्य जन्मालासुद्धा आलं नव्हतं तेव्हा. म्हणजे देवाला माझ्या वाक्याची गरज नव्हती. मग मला कशाला होती?

बुवापाड्यात घरी आली तेव्हा कमळाकर पांढऱ्या शर्टला इस्त्री करत होता, जीभ किंचित बाहेर काढून, मशीनचा पार्ट लावताना काढतो तशी. चिमी खिडकीत मोबाईल घेऊन बसली होती.

“आणली ओढणी?” तो म्हणाला. “दाखव. अरे वा. चिमे, बघ.”

“छान आहे,” चिमी मान वर न करता म्हणाली.

“ती कॉलरची इस्त्री बघ, सेलिना. नाहीतर मागच्यासारखं, फोटोत एक कान वर एक खाली.” तो खूश होता. उद्याच्या दिवसाची तो वर्षभर वाट बघतो हे तिला माहीत होतं. त्या दिवशी लोक त्याला हात जोडतात, म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवतात, ज्याला वस्तीतली पोरं एकेकाळी गटारातून उचलून आणत होती त्याला. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं... आणि कशासाठी? दोन शब्दांसाठी? पोरीनं एकदा म्हणून टाकलं तर काय बिघडणार आहे, अर्धं मिनिट, माइक, टाळ्या, संपलं — असं मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. पाठोपाठ भीतीही आली. तो पुन्हा पिऊ लागला तर तो भात पुन्हा कोण उचलणार?

भात.

संध्याकाळी दिवेलागणीला तिघं वेदीसमोर बसली. वेदी म्हणजे टीव्हीवरची फळी. पवित्र कुटुंबाची तसबीर, मेणबत्ती, बायबल. समुदायाचा नियम होता, घरातलं भांडण, परीक्षा, पाहुणे काहीही असो, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, एकत्र. पहिली ओळ आज सेलिनाची होती. तिनं पिशवीची चेन ओढली, जपमाळ बाहेर काढली, आणि क्रुसाच्या टोकाला अडकून चिठ्ठी बाहेर आली, मांडीवर पडली, अर्धवट उलगडलेली, हिरवी.

चिमीनं ती पाहिली. मग आईकडे पाहिलं.

कमळाकरचे डोळे मिटलेले होते.

सेलिनानं चिठ्ठी मुठीत घेतली आणि नमो मारिया सुरू केली. अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी पुरी करायची; एवढी वर्षं ती म्हणत आली होती आणि पलीकडून उत्तर येतं हे तिनं गृहीत धरलं होतं. आज पलीकडून एकट्या कमळाकरचा आवाज येत होता, जाडा, विश्वासाचा. चिमी गप्प होती. तिसऱ्या मण्याला गप्प, चौथ्याला गप्प. आणि सेलिनाचे ओठ हलत असताना डोक्यात ती दुपार, आज दुकानात अर्धी राहिलेली, पुढे सरकली.

“मम्मी, चल ना, आपण जाऊ,” चिमी म्हणाली होती. एवढंच. रडत नव्हती. बापाचा त्यात उल्लेख नव्हता, येशूचाही नव्हता. ती माझ्याशी बोलत होती.

आणि मी म्हणाले, “आधी भात उचल.”

तिनं उचलला. बूट घातलेली, दप्तर पाठीला, उकिडवी बसून, गरम भात बोटांनी, एक एक मूठ पातेल्यात. उचलून झाल्यावर ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मी ओट्याकडे तोंड केलं. मग तिनं आपणच बूट काढले.

सभागृहातल्या त्या पहिल्या दिवशी मी इथे अडकले होते. पोरीच्या वाक्याशी नाही, माझ्या उत्तराशी.

रोझरी संपली. कमळाकरनं क्रुसाची खूण केली, मेणबत्ती विझवली, आणि जरा लाजत म्हणाला, “चिमे, एकदा म्हणून बघतेस? उद्याचं. माइकसमोर गडबडायला होतं.”

“नंतर ना, पप्पा.”

“नंतर कधी? सकाळी घाई असते. एकदाच म्हण.” तो मांडी सावरून तिच्याकडे वळला. “मी कुठे ऐकलंय गं ते तुझ्या तोंडून? तेव्हा शुद्धीत कुठे होतो मी. सगळ्या जगानं ऐकलं, मी नाही. उद्या लोकांसमोर ऐकण्याआधी मला एकट्याला एकदा ऐकू दे.”

तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. इतका स्वच्छ चेहरा त्याला लग्नातसुद्धा नव्हता. ह्या चेहऱ्यासाठी मी काहीही केलं असतं, केलंच की, तिला वाटलं.

“पप्पा...” चिमीनं सुरुवात केली. ती बघत होती आईकडे. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती, दारात उभी राहून पाहिली होती तशीच, आणि सांगितलं असतं तर तिनं हेही उचललं असतं, एक एक मूठ, तक्रार न करता.

“थांब, चिमी,” सेलिना म्हणाली.

माइकशिवाय तिचा आवाज अगदी बारीक होता. कमळाकर वळून तिच्याकडे बघू लागला, चेहऱ्यावर अजून ते हसू, फक्त कडेला किंचित न कळल्याची आठी. मुठीतली चिठ्ठी घामानं ओली झाली होती. आता ह्यापुढचं वाक्य... ती थांबली, पण हे साक्षीतलं थांबणं नव्हतं. किती थांबायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि या वेळी तिच्या हातात कुणी काही तयार ठेवत नव्हतं. तिनं चिठ्ठी जमिनीवर ठेवली, बोटांनी सपाट केली. चिमी हळूच सरकून तिच्या बाजूला येऊन बसली.

“कमळाकर,” ती म्हणाली, “त्या दिवशी भात सांडला होता ना...”