बाबांचा आणखी एक दांडा

सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून सूनबाई गिटारमागे बसली, पहिलं पेडल दाबलं आणि तिचा डावा गुडघा कशाला तरी लागला. काल तिथे काहीच नव्हतं. सातवी तार कुणी न सांगता वर चढली आणि सुरांचा पार विचका झाला. तिने खाली वाकून बघितलं तर काय, एक नवाकोरा दांडा, तेल-पाणी करून चकचकीत पुसलेला.

"बाबा!"

सासरे आतून हसतच आले. "लागला ना गुडघा? म्हणजे बरोबर जागी बसलाय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा असता तर तिथल्या तिथे सोलून काढला असता, पण सासऱ्यांना बोलायचं तरी कसं? जिभेवर आलेलं तिने गिळलं. "हा कशासाठी?"

"सातवी तार अर्धा सूर वर. तो हॉटेलात वाजवणारा टकलू आहे ना, तो म्हणतो, याच्याशिवाय पेडल स्टील म्हणजे नुसती फळी."

पेडल स्टील ही गिटार मांडीवर घेऊन वाजवत नाहीत. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. डाव्या हातातला लोखंडी बार तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने छेडायचं. बार सरकला की सगळ्या तारा मिळूनच चढतात, मिळूनच उतरतात. एकाच तारेला हलवायचं आणि बाकीच्यांना जागच्या जागी ठेवायचं, तर पायाने पेडल दाबायचं किंवा गुडघ्याने दांडा ढकलायचा. दांड्याला सळी जोडलेली, सळी तारेला ओढणार. कुठला दांडा कुठल्या तारेला लावायचा, हे वाजवणाऱ्याने आपापल्या सोयीने ठरवायचं असतं. या घरात तिथेच सगळी गोम होती. वाजवायची ती आणि ठरवायचे बाबा.

बाबांचा उभा जन्म कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला होता. त्या मशीनलाही गुडघ्याने ढकलायचा एक दांडा असतो. निवृत्तीनंतर एकदा त्यांनी सुनेबरोबर जाऊन कुणाचं तरी पेडल स्टील ऐकलं, म्हणजे ऐकलं कसलं, ओणवं होऊन खालून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलंच मशीन!" मग वर्षभर मागच्या खोलीत ठोकाठोक करून त्यांनी सुनेसाठी गिटार उभी केली. तीन पेडलं, दोन दांडे. इतकी गोड वाजायची की पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिथेच थांबायला काय हरकत होती? पण बाबांना थांबणं ठाऊक नव्हतं. दिसेल त्या वादकाला ते विचारत सुटले, "तुमच्याकडे काय काय बदल लावलेत?" आणि जो तो आपलंच घोडं पुढे दामटणार. एकाला पहिली तार चढवल्याशिवाय चैन पडत नव्हतं, दुसऱ्याला नववी उतरवल्याशिवाय. बाबा सगळ्यांचं ऐकून घरी यायचे आणि सगळ्यांचंच लावून टाकायचे. आता गिटारच्या पोटाखाली दांड्यांचं असं जंगल झालं होतं की गुडघे कुठे ठेवावेत हा प्रश्न. तिने नवऱ्याला मध्ये घातलं, तर तो म्हणाला, "अगं, त्यांचा वेळ चांगला जातो." घ्या! वेळ यांचा जाणार आणि जीव हिचा.

एरवी तिने हेही खपवून घेतलं असतं. पण शनिवारी एक नावाजलेल्या गाणाऱ्या बाई तिला ऐकून पाहणार होत्या. बाईंच्या पथकातला जुना वादक सोडून गेला होता आणि ही जागा मिळाली, तर हॉटेलात काट्या-चमच्यांच्या खडखडाटात, जेवणाऱ्यांच्या पाठींकडे बघत वाजवणं कायमचं सुटणार होतं. अशी संधी तिच्याकडे पुन्हा येणार नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या दुपारीच पथकातल्या कीबोर्डवाल्याबरोबर तालीम होती. गिटार उचलून तिथे नेली, गाणं सुरू झालं आणि पेडलवर पाय कलता केला की गुडघा दांड्याला. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा कीबोर्डवाल्याने हात थांबवले. "ताई, सूर तुमचे चांगले आहेत, पण ही गिटार तुम्हाला बुडवणार. आमच्या आधीच्या वादकाची कंपनीची गिटार पडून आहे. शनिवारी ती घ्या."

ती लगेच हो म्हणाली. घरी येईपर्यंत मात्र तो होकार तिला दाढेखालच्या खड्यासारखा टोचत राहिला.

जेवताना तिने सांगून टाकलं. "बाबा, शनिवारी मी दुसरी गिटार वाजवणार आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "का? आपलीला काय झालं?"

"आपलीला?" आता मात्र बांध फुटला. "आपलीला काय नाही झालं ते विचारा! रोज उठून मी नव्या वाद्यावर बसते. काल शिकलेलं आज चालत नाही. तो टकलू काय म्हणतो, तो दाढीवाला काय म्हणतो, सगळ्यांना विचारलंत. मी काय वाजवते ते एकदा तरी विचारलंत का? मला तुमच्या गिटारची भीती वाटायला लागलीय, बाबा!"

"अगं, जरा हळू," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस!"

बाबा उठले. हात धुतले, मागच्या खोलीतून पाना आणला, जमिनीवर घोंगडी अंथरली आणि गिटार तिच्यावर उलटी ठेवली. मग पाना सुनेपुढे धरला. "काढ. नको असेल ते सगळं काढ. मी काढायला बसलो तर मला प्रत्येकात काहीतरी बरं दिसेल."

ती मांडी घालून बसली. तिचा राग अजून उतरला नव्हता. तिने पहिल्याच दांड्यावर बोट ठेवलं. "हा माझ्या कुठल्या गाण्यात लागतो? जागा दाखवा, नाहीतर हा गेला."

"तो टकलू म्हणाला होता..."

"माझ्या गाण्यात, बाबा."

तिने पाना फिरवला. दांडा घोंगडीवर पडला. मग नवव्या तारेचा, मग पहिलीचा. प्रत्येक सळी सुटताना बाबांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांचाच दात उपटतंय. तिला वाईट वाटत होतं, तरी हात थांबत नव्हता. शेवटी जुने दोन दांडे आणि अगदी कडेला लावलेला एक, एवढेच उरले.

तिने त्या कडेच्या दांड्याला पाना लावला. "तो राहू दे," बाबा म्हणाले.

"कुठल्या गाण्यात?"

बाबांनी घसा साफ केला आणि गायला लागले. सुराचा आणि त्यांचा उभा दावा, पण चाल ओळखू आली. तिने स्वतः बांधलेली, संथ चालीची ती धून. एका जागी ते थांबले. "इथे तुला सहावी तार खाली हवी असते. बार मागे घेतला की बाकीच्याही खाली जातात, म्हणून तू बोटं उचलतेस, एकटीच तार वाजवतेस. आणि दर वेळी तोंड वाकडं करतेस. हा कुणी सांगितला नव्हता. हा मीच बघून लावला."

तिने पाना खाली ठेवला. दोघांनी मिळून गिटार सरळ केली. ती त्या जागेपर्यंत वाजवत आली, पण गुडघा दांड्यापर्यंत पोचेचना. शेवटी तिने हाताने तो ढकलला. सहावी तार अलगद खाली उतरली आणि बाकीचे सूर वरच तरंगत राहिले. वर्षानुवर्षं तिला जे डोक्यात ऐकू येत होतं, ते खोलीत वाजलं.

आणि ती पुन्हा उखडली. "अहो, नको ते सगळे माझ्या गुडघ्यात आणि हवा तो एकटा मैलभर लांब? हे लावलेत तरी कुणाच्या मापाने?"

"माझ्या."

"तुमचे पाय केवढे, माझे केवढे! मला बसवून माप घ्यायचं होतं ना!"

बाबा भिंतीकडे बघायला लागले. कान लाल झाले होते. "सुनेच्या गुडघ्याला टेप लावायची कशी, गं? म्हणून आपलं मीच बसून बघायचो."

नवरा फिस्सकन हसला आणि बायकोची नजर बघून पाणी आणायला पळाला. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग बाबांच्या डब्यातला शिंप्याचा खडू उचलला, गिटारमागे बसली, पेडलवर पाय ठेवला आणि गुडघा जिथे आला तिथे गिटारच्या खाली स्वतःच खूण केली. "इथे. एक बोटही इकडे-तिकडे नाही."

कीबोर्डवाल्याला तिने फोन करून कळवलं, गिटार आमचीच आणते.

शनिवारी हॉलमध्ये गाणाऱ्या बाई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या. तिने आपली धून घेतली. ती जागा आली, गुडघा हलला, सहावी तार उतरली. बाईंनी डोळे उघडले. "पुन्हा," त्या म्हणाल्या. तिने पुन्हा वाजवलं.

"सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या. "आणि ही गिटार अशीच ठेव. तिच्यात काही बदलू नकोस."

तिने हॉलभर नजर फिरवली. बाबांची खुर्ची रिकामी होती. ते दोन रांगांमधल्या वाटेत, सगळ्यांच्या देखत, हाता-गुडघ्यांवर ओणवे होऊन गिटारखाली तिचा गुडघा नीट बसतोय की नाही ते बघत होते आणि मान तिरकी करून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

"बाई," ती म्हणाली, "हे जरा त्यांना सांगाल का?"