रंगनाथचा गोबर गॅस

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात सोनईच्या रंगनाथने गोबर गॅस बसवला आणि घरी बघ्यांची रीघ लागली. कळ फिरवायची, काडी लावायची, निळा जाळ फुलला की लोकांच्या तोंडाकडे बघायचं, यातच त्याचा दिवस जाई. धुरातून सुटलेली बायको चांगुणाही खूश होती.

एकदा पाहुणे बसले असताना लंकाबाई दारात आली. ती गोठा झाडायची आणि त्या बदल्यात गोवऱ्यांना शेण न्यायची, ही जुनी वहिवाट.

"मालक, आज तरी शेन न्हेऊ का?"

"कुठलं शेन? समदं टाकीत जातंय. शेनाचं सोनं झालंय, लंकाबाई!" रंगनाथ हसला. पाहुणेही हसले. ती रिकामी पाटी घेऊन परतली आणि पुन्हा आली नाही.

पुढे हरभरा काढायला माणूस हवं म्हणून तो तिच्या घरी गेला. तिचा दमेकरी नवरा सूर्यभान जमिनीवर पोतं टाकून पडला होता. तो धडपडत उठला. "बसा मालक," म्हणाला, आणि बसायला काय द्यावं म्हणून इकडेतिकडे बघत राहिला. चुलीत बाजेचा खूर जळत होता.

"बाज फोडली?" रंगनाथने विचारलं.

"काय करू?" लंकाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "बाभळी तुमच्या बांधावर, शेन तुमच्या टाकीत. ह्यास्नी गरम घास तर पायजे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रंगनाथ हरभऱ्याचं नावही न काढता निघाला. वाटेत आपलं ते हसणं आठवून त्याची कानशिलं तापली.

घरी त्याने फोडलेल्या बाजेचं सांगितलं, तर चांगुणा म्हणाली, "मला म्हाईत हुतं. सांगाया आले, तवा तुमी जाळ दाखवत हुता."

संध्याकाळी त्याने घरातली बाज डोक्यावर घेतली.

"बाज कुठं निघाली?" पारावर बसलेल्या शेजाऱ्याने, कारभारीने, हटकलं.

"माझ्यापायी एकाची जळली," तो म्हणाला आणि मान खाली घालून चालू लागला.

बाज टेकवून तो लंकाबाईला म्हणाला, "उद्यापासून शेन ने. गवऱ्या वाळंपतुर आमच्या शेगडीवर भाकरी भाज."

"तुमच्या सैपाकघरात? मी?"

इतक्या वर्षांत ती कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती; हेही आपल्या कधी ध्यानात आलं नव्हतं. "व्हय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आली, उंबऱ्याशीच थांबली. चांगुणाने हाताला धरून आत नेलं. भाकरी थापल्याचा आवाज ओसरीवर येत होता, पण आत डोकावायचा धीर रंगनाथला झाला नाही.

निम्मं शेण लंकाबाईचं ठरलं. गॅस एकाच वेळच्या स्वयंपाकाला पुरू लागला. पुढे कोणी बघायला आलं तर चांगुणाच जाळ दाखवी. रंगनाथ काहीतरी निमित्त काढून शेताकडे निघून जाई.